कोरा रकाना

वेळासच्या पुळणीवरून २५ जानेवारी २०२२ रोजी ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाची एक मादी समुद्रात परतली, ती पाठीवर उपग्रहाशी बोलणारे एक यंत्र घेऊन. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर असे यंत्र लावलेली ही पहिलीच, म्हणून तिचे नाव प्रथमा ठेवले. वेळास येते मंडणगड तालुक्यात. तिथून दक्षिणेला, दापोली तालुक्यातल्या आंजर्ल्यात, त्याच सुमारास दुसऱ्या मादीला यंत्र बसले, ती सावनी. फेब्रुवारीत गुहागरला आणखी तिघी तयार झाल्या: वनश्री, रेवा आणि लक्ष्मी. राज्याचे कांदळवन प्रतिष्ठान आणि देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था यांचा हा संयुक्त प्रकल्प होता आणि शास्त्रीय बाजू सांभाळत होते आर. सुरेश कुमार.

मग काही महिने कोकणातल्या आणि मुंबई-पुण्याच्या माणसांना नवाच नाद लागला. प्रथमा गुजरातच्या बाजूला गेली, रेवा कर्नाटकच्या दिशेने उतरली, अशा बातम्या लोक आवडीने वाचू लागले. लक्ष्मीचा आवाज मात्र काही आठवड्यांतच थांबला. बाकीच्याही एकेक करून थांबल्या आणि पुढचा विणीचा हंगाम उजाडायच्या आत पाचही यंत्रे गप्प झाली.

साहजिकच लोकांनी विचारले, कासवे मेली की काय? याचे प्रामाणिक उत्तर देणे कोणालाच शक्य नव्हते. पाठीवरचा डिंक सुटून यंत्र तळाला गेले असेल. अँटेना खडकाला घासून मोडली असेल. बॅटरी संपली असेल. यंत्रावर शेवाळ चढले असेल. किंवा खरेच एखाद्या ट्रॉलरच्या जाळ्यात मादी गुदमरली असेल. या सगळ्या शक्यतांचा किनाऱ्यावर पोचणारा संदेश अगदी एकसारखा असतो: काहीच नाही.

गेली काही वर्षे कोकणात, आणि दापोलीच्या आसपास तर फारच, अशी छोटी यंत्रे वाढत आहेत. कासवाच्या पाठीवर, आंब्याच्या बागांच्या कडेला, होडीच्या डोलकाठीवर, घाटाच्या उतारावर. ती काय सांगतात यावर भरपूर लिहिले जाते. ती गप्प बसतात तेव्हा आपण त्याचा काय अर्थ लावतो, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण त्यावर माणसांचे पैसे आणि कधीकधी जीवही अवलंबून असतात.

आधी थोडा हिशेब करू. दुकानात मिळणाऱ्या चांगल्या पेन्सिल सेलमध्ये साधारण २,५०० मिलिअँपिअर-तास इतकी वीज असते. एखादा सेन्सर रेडिओ चालू ठेवून सतत जागा राहिला आणि त्याला २० मिलिअँपिअर लागले, तर सेल १२५ तासांत, म्हणजे पाच दिवसांत संपतो. तेच यंत्र झोपले तर त्याचा खर्च दहा मायक्रोअँपिअरवर येऊ शकतो. त्या हिशेबाने सेल २८ वर्षे पुरायला हवा. प्रत्यक्षात इतकी वर्षे सेल पडून पडूनच खराब होतो, पण मुद्दा लक्षात यावा. एका बाजूला पाच दिवस, दुसऱ्या बाजूला अठ्ठावीस वर्षे, आणि मधला फरक फक्त जागे राहण्याचा. म्हणून अशा यंत्राला सगळ्यात आधी शिकवावे लागते ते झोपायला. क्षणभर उठायचे, तापमान किंवा ओल किंवा दाब पाहायचा, चार आकडे हवेत टाकायचे आणि परत झोपायचे. शंभरातले नव्व्याण्णव क्षण ही पहारेकरी मंडळी घोरत असतात आणि त्यातच त्यांची कर्तबगारी आहे.

ही कल्पना आकाराला आली अमेरिकेत. बर्कले विद्यापीठात क्रिस्टोफर पिस्टर यांनी १९९०च्या दशकाच्या शेवटी धुळीच्या कणाएवढ्या सेन्सरचे स्वप्न मांडले. कण काही झाला नाही, पण काडेपेटीच्या आसपासच्या मापाची यंत्रे झाली आणि २००२च्या उन्हाळ्यात त्यांतली ३२ यंत्रे मेन राज्याच्या किनाऱ्याजवळच्या ग्रेट डक बेटावर नेऊन ठेवली. तिथे स्टॉर्म पेट्रेल नावाचे समुद्रपक्षी जमिनीत बिळे करून अंडी घालतात. माणूस फिरकला की ते घरटे सोडून जातात, म्हणून बिळात यंत्र. बरीचशी यंत्रे हंगाम संपायच्या आधीच मेली. पुढे त्यांचे आकडे चाळताना संशोधकांना एक गंमत दिसली: आत पाणी शिरलेले यंत्र मरण्याआधी आर्द्रतेचे अशक्य आकडे देऊ लागे. म्हणजे त्याचे बरळणे हीच आजाराची खूण होती. ज्या वर्षी ही बिळे ऐकली जात होती, त्याच वर्षी वेळासला कासवांच्या घरट्यांचे काम सुरू झाले हा निव्वळ योगायोग, पण मला तो आवडतो.

कासवाच्या पाठीवरचे यंत्र याच कुळातले, फक्त त्याचा श्रोता फार दूर. ते लावतात कसे ते आधी सांगतो. मादी रात्री वाळूत अंडी घालते. अंडी घालून झाली की तिला अडवून ठेवतात, पाठीची ढाल घासून स्वच्छ करतात, कोरडी करतात आणि ढालीच्या पुढच्या भागावर इपॉक्सीने यंत्र चिकटवतात. पुढचा भाग अशासाठी की श्वास घ्यायला ती वर येते तेव्हा तोच आधी पाण्याबाहेर निघतो. यंत्राचे वजन प्राण्याच्या वजनाच्या काही टक्क्यांपलीकडे जाऊ नये असा दंडक आहे. प्रौढ रिडले मादी चाळीस किलोच्या आसपासची, त्यामुळे तिला ते जड नसते.

यंत्रावर धातूचे दोन टोकदार बिंदू उघडे ठेवलेले असतात. समुद्राचे खारे पाणी वीज वाहते. दोन्ही बिंदू पाण्यात असले की त्यांच्यात वीज खेळते आणि यंत्राला कळते, आपण बुडालेलो आहोत, बोलण्यात अर्थ नाही. पाणी ओसरले की मंडल तुटते आणि त्याच क्षणी यंत्र एक संदेश सोडते. पाण्याखाली रेडिओ लहरी जातच नाहीत, त्यामुळे बुडालेल्या यंत्राने बोलणे म्हणजे बॅटरीची उधळपट्टी. संदेश सेकंदापेक्षा कमी वेळाचा, वापरलेली शक्ती एका वॅटच्या आतबाहेर, लहर ४०१.६५ मेगाहर्ट्झची. ऐकणारा उपग्रह ध्रुवावरून ध्रुवावर फिरतो, सुमारे ८५० किलोमीटर उंचीवरून, आणि साधारण शंभर मिनिटांत एक फेरी पुरी करतो. कोकणच्या डोक्यावर तो आला की दहाएक मिनिटे दिसतो. त्या दहा मिनिटांत मादी श्वास घ्यायला वर आली पाहिजे. ती त्या वेळी दीडशे मीटर खोल असेल, तर उपग्रह निघून जातो.

या यंत्राला आपण कुठे आहोत ते स्वतःला माहीत असावेच लागत नाही, हे या पद्धतीतले सगळ्यात सुंदर कलम. खेड स्टेशनातून न थांबता जाणाऱ्या गाडीची शिट्टी जवळ येताना बारीक आणि दूर जाताना जाड ऐकू येते; तसाच उपग्रहाला कासवाचा सूर जवळ जाताना चढलेला आणि दूर जाताना उतरलेला ऐकू येतो. सूर किती आणि कधी उतरला यावरून जमिनीवरचे गणित यंत्राची जागा काढते. एका फेरीत चार-पाच संदेश मिळाले तर जागा अडीचशे मीटरच्या आत सापडू शकते. एक-दोनच मिळाले तर जागा मिळते, पण ती किती चुकलेली असेल याचा अंदाजही देता येत नाही. वर्तमानपत्रातल्या नकाशावर मात्र दोन्ही ठिपके सारखेच ठळक छापलेले असतात.

ही सारी व्यवस्था म्हणजे आर्गोस, १९७८ पासून चाललेली, फ्रेंच आणि अमेरिकी संस्थांनी मिळून उभारलेली. तिच्यात आपलाही वाटा आहे. इस्रोने २५ फेब्रुवारी २०१३ रोजी सोडलेल्या सरल या उपग्रहावर आर्गोसचा कान होता, आणि २६ नोव्हेंबर २०२२ रोजी गेलेल्या ओशनसॅट-३ वरही आहे. म्हणजे गुहागरची मादी बोलली आणि श्रीहरिकोट्याहून उडालेल्या उपग्रहाने ते ऐकले, असे घडायला काहीच हरकत नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये गुहागरला आणखी दोघींना यंत्रे लावली, बागेश्री आणि गुहा. गुहा लक्षद्वीपच्या पाण्यात गेली. बागेश्रीने कन्याकुमारीला वळसा घातला, श्रीलंका ओलांडली आणि ती बंगालच्या उपसागरात शिरली. तोवर समजूत अशी होती की पूर्व किनाऱ्यावरची कासवे पूर्वेची आणि पश्चिमेची पश्चिमेची. एका मादीच्या प्रवासाने ती समजूत पुरती मोडली असे म्हणणे घाईचे झाले असते. पण तिला तडा गेला होता.

तो तडा मोठा केला एका बॅटरी नसलेल्या वस्तूने. २७ जानेवारी २०२५ रोजी गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या वल्ह्यासारख्या पायाला धातूची पट्टी दिसली. पट्टीवर क्रमांक होता ०३२३३. चौकशी केल्यावर कळले की भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने ही पट्टी मार्च २०२१ मध्ये ओडिशातल्या गहिरमाथ्याच्या किनाऱ्यावर लावली होती. समुद्रमार्गाने हे अंतर साडेतीन हजार किलोमीटरच्या घरात जाते. ओडिशात त्या काळात अशा सुमारे १२,००० पट्ट्या लावल्या गेल्या. पट्टी ना उपग्रहाशी बोलते, ना कोणाशी. चार वर्षे ती पूर्ण गप्प होती. तिला वाचा फुटली ती कोणीतरी रात्री विजेरी घेऊन वाळूवर हजर होते म्हणून.

सॅटेलाइट टॅगला कमी लेखायचा माझा विचार नाही. वाटेत मादी कुठे रेंगाळली, कुठून वळली, हे पट्टीला कधीच सांगता यायचे नाही. ते बागेश्रीने सांगितले. पण पट्टीचा गप्पपणा कोणाला फसवत नाही. तिच्याकडून रोज बातमी येईल अशी अपेक्षाच नसते, त्यामुळे बातमी आली नाही म्हणून कोणी काही गृहीत धरत नाही.

किनाऱ्यावर विजेरी घेऊन कोणी का असते, हे सांगायला वीसहून अधिक वर्षे मागे जावे लागते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची माणसे, भाऊ काटदरे त्यांचे म्होरके, २००२ मध्ये समुद्रगरुडांची पाहणी करत वेळासला आली आणि त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. त्या काळी अंडी खणून काढणे, खाणे, विकणे सर्रास होते. जी माणसे अंडी काढण्यात पटाईत होती त्यांतल्या काहींच्याच हाती रक्षणाचे काम आले, कारण घरटे कुठे असेल ते वाळूकडे बघून ओळखण्याची नजर त्यांच्याकडेच होती. मग आंजर्ले, केळशी, कोळथरे, दाभोळ, मुरूड, कर्दे अशी गावे जोडली गेली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, घरोघरी पाहुणे उतरू लागले आणि कासव जिवंत असण्यात गावाचाही फायदा दिसू लागला.

आज या गावांतले कासवमित्र नोव्हेंबरपासून एप्रिल-मेपर्यंत पहाटे किनाऱ्याची फेरी मारतात. भरतीच्या रेषेपासून वर गेलेली आणि परत उतरलेली, ट्रॅक्टरच्या चाकासारखी दिसणारी रांग सापडली की काठी टोचून घरट्याची जागा शोधायची, कोल्हा-कुत्रा पोचायच्या आत अंडी काढून कुंपणातल्या हॅचरीत तितक्याच खोलीच्या खड्ड्यात पुरायची, आणि पाटीवर तारीख आणि संख्या लिहायची. पन्नासेक दिवसांनी पिल्ले वर येतात. ती नर की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. साधारण तिशीच्या आसपासचे तापमान ही सीमारेषा, त्याहून गरम वाळूत माद्या जास्त. म्हणून जगभर आता हॅचरीच्या वाळूत तापमान नोंदणारे सेन्सर पुरले जाऊ लागले आहेत.

या फेरीची एक वही असते. ज्या पहाटे रांग दिसत नाही, त्या पहाटेही वहीत तारीख टाकून पुढे शून्य लिहायचे असते. हे शून्य लाखमोलाचे आहे. त्याचा अर्थ: मी गेलो होतो, बघितले, नव्हते. ज्या दिवशी कासवमित्र तापाने आजारी पडला आणि कोणीच गेले नाही, त्या दिवशीचा रकाना कोरा. वर्षाच्या शेवटी बेरीज करताना शून्य आणि कोरा रकाना सारखेच मोजले जातात. बेरजेला त्यातला फरक कळत नाही. फरक माणसाने जपायचा असतो. माझ्या मते यंत्रांच्या जाळ्याची खरी परीक्षा इथेच होते, आणि बहुतेक जाळी इथेच नापास होतात.

आंजर्ल्याहून खाडी ओलांडली की हर्णै. संध्याकाळी बंदरावर लिलाव रंगतो तेव्हा होड्यांवर नवी यंत्रे दिसतात. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते मासेमारी नौकांसाठीच्या उपग्रह-संपर्क योजनेचा आरंभ झाला. किनारपट्टीच्या राज्यांत मिळून एक लाख ट्रान्सपाँडर मोफत बसवायचे आहेत. वादळाची सूचना होडीपर्यंत पोचावी आणि संकटात होडीचा ठावठिकाणा कळावा, हा हेतू. ज्यांनी वादळे पाहिली आहेत त्या खलाशांना त्याचे मोल समजावून सांगावे लागत नाही. पण मासा कुठे लागतो ही तांडेलाची पिढीजात पुंजी, आणि ती जागा पडद्यावर ठिपका होऊन कोणालातरी दिसणार ही भीतीही खरी आहे. ठिपका नाहीसा झाला तर होडी बुडाली, बॅटरी बसली की तांडेलाने मुद्दाम वायर काढली? इथे गप्पपणाला आणखी एक अर्थ मिळतो: मला सांगायचे नाही. कासवाला ही सोय नव्हती.

आता घाटाकडे वळू, कारण तिथे या प्रश्नाला सर्वांत जड किंमत आहे.

कोकण रेल्वेवर २००३च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ आणि २००४च्या जूनमध्ये करंजाडीजवळ दरडीच्या दगडांनी गाड्या रुळावरून फेकल्या गेल्या. दोन्ही वेळा माणसे गेली. त्यानंतर मुंबईच्या आयआयटीत यू. बी. देसाई, एस. एन. मर्चंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेनस्लाइड नावाची कल्पना मांडली. खडक सुटण्याआधी आतल्या आत किंचित ताणला जातो. तो ताण मोजणाऱ्या स्वस्त पट्ट्या उतारावर भोके पाडून बसवायच्या, त्या बॅटरीवर चालणाऱ्या बिनतारी यंत्रांना जोडायच्या आणि यंत्रांनी आपसांत निरोप पुढे सरकवत तो रुळापर्यंत पोचवायचा. महागडे एक उपकरण बसवण्याऐवजी स्वस्तातली पुष्कळ बसवायची, काही मेली तरी बाकीची निभावून नेतील, हा त्यातला शहाणपणा. याच गटाने नाशिकच्या द्राक्षबागेतही बिनतारी सेन्सरचे प्रयोग केले. प्रत्यक्ष डोंगरावर मोठ्या प्रमाणात असे जाळे उभे राहिले ते केरळात, मुन्नारजवळच्या अँथोनियार कॉलनीच्या उतारावर. अमृता विश्वविद्यापीठाने ते २००८च्या सुमारास बसवले आणि पुढच्याच पावसाळ्यात त्यावरून लोकांना सावध करता आले.

दरडीच्या सेन्सरचा गप्पपणा सर्वांत फसवा असतो. कासव बोलले नाही तर आपण काळजी करतो. डोंगर बोलला नाही तर आपण निश्चिंत झोपतो. यावर अभियंत्यांकडे तोडगा आहे आणि तो साधा आहे: यंत्राने ठरावीक वेळाने हजेरी द्यायची. काही घडलेले नसले तरी, मी आहे, एवढे म्हणायचे. हजेरी चुकली की धोका समजायचा. पण हजेरी फुकट मिळत नाही. समजा, एका हजेरीला यंत्र दोन सेकंद उठते आणि ४० मिलिअँपिअर घेते. दिवसाला एक हजेरी लावली तर वर्षाचा खर्च आठ मिलिअँपिअर-तास, म्हणजे काहीच नाही. दर मिनिटाला लावली तर वर्षाला सुमारे ११,७०० मिलिअँपिअर-तास. पेन्सिल सेलच्या हिशेबात जवळपास पाच सेल. डोंगर ढासळायला मिनिटे पुरतात, त्यामुळे कालची हजेरी आज रात्री उपयोगाची नाही. शहाणी यंत्रे उन्हाळ्यात दिवसातून एकदा बोलतात आणि पाऊस वाढला की भराभर हजेरी देऊ लागतात. बॅटरी अशी पावसासाठी राखून ठेवावी लागते.

आणि निरोप पुढे नेणारा टॉवर? २२ जुलै २०२१च्या पावसात महाडजवळचे तळिये दरडीखाली गेले, त्याच रात्री दापोलीच्या शेजारच्या खेड तालुक्यात पोसरे इथली बौद्धवाडी गेली. महाबळेश्वरला त्या चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. वीज नव्हती, रस्ते बंद होते, मोबाइल लागत नव्हते. त्याआधी वर्षभर, ३ जून २०२० रोजी, निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ जमिनीवर चढले तेव्हा दापोली-मंडणगडच्या किनाऱ्याने तेच अनुभवले. कित्येक वाड्यांत वीज यायला काही आठवडे लागले. सौर पट्टीवर चालणारा सेन्सर अशा वेळी तग धरू शकतो, पण त्याचे ऐकणारा टॉवर मेलेला असतो. म्हणून यंत्राने आकडे स्वतःच्या पोटात साठवावेत आणि वाट मोकळी झाल्यावर द्यावेत, ही सोय हवीच. ती पंचनाम्याला उपयोगी पडते. त्या रात्री जागे करायला ती कामाची नाही. त्यासाठी वाडीतच वाजणारा, कुठल्याही टॉवरची वाट न पाहणारा भोंगा लागतो.

उरला आंबा. दापोली शहर समुद्रसपाटीपासून आठशे फुटांवर, आणि सात-आठ किलोमीटर खाली उतरले की समुद्र. तेवढ्या उतारात हवा बदलते. थंडीत वर स्वेटर लागतो आणि खाली आंजर्ल्यात घाम येतो. मोहोर, फळधारणा आणि गळ हे सारे या दोन-चार अंशांवर ठरते. डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून इथे आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा हवामान सल्ला बागायतदार वाचतात आणि फवारणीचा बेत आखतात. पण पैशांचा संबंध येतो तो हवामानावर आधारित फळपीक विम्याशी. या विम्यात बागेतले नुकसान कोणी येऊन मोजत नाही. अवेळी पाऊस किती पडला, पारा ठरलेल्या अंशांच्या वर किंवा खाली सलग तीन दिवस राहिला का, वारा किती सुटला, हे महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राने नोंदलेले आकडे बघतात. आकड्याने रेषा ओलांडली की भरपाई, नाहीतर नाही. महावेध प्रकल्पात २०१७ पासून राज्यभर दोन हजारांहून अधिक मंडळांत ही केंद्रे स्काय​मेट या कंपनीमार्फत उभी राहिली.

बागायतदारांची तक्रार सगळीकडे एकच ऐकू येते: पाऊस माझ्या बागेत पडला, यंत्र डोंगराच्या पलीकडे. ती खरीही आहे. मैदानात जे यंत्र पंधरा गावांना पुरेल ते सडा, दरी आणि खाडी असलेल्या मुलखात पाच गावांनाही पुरत नाही. पण याहून बारीक एक दुखणे आहे आणि ते पर्जन्यमापकाच्या पोटात दडलेले आहे.

या मापकात वरच्या नरसाळ्यातून पाणी दोन कप्प्यांच्या एका छोट्या झुलत्या पळीत पडते. एक कप्पा भरला, बहुधा मिलिमीटरच्या पाचव्या किंवा दुसऱ्या भागाएवढ्या पावसाने, की पळी कलंडते, पाणी सांडते आणि दुसरा कप्पा नरसाळ्याखाली येतो. कलंडताना पळीवरचे लोहचुंबक एका बारीक स्विचसमोरून जाते, क्षणभर मंडल जुळते आणि झोपलेले यंत्र जागे होऊन एक आकडा मिळवते. वाट बघण्याला वीज लागतच नाही. पाऊसच यंत्राला उठवतो. कमी विजेच्या यंत्रांत याहून नेटकी रचना मी पाहिलेली नाही. मुसळधार पडले की पळी कलंडत असताना थोडे पाणी निसटते आणि आकडा किंचित कमी येतो, हा दोष माहीत असलेला आहे आणि त्याला दुरुस्ती लावता येते.

दुसऱ्या दोषाला दुरुस्ती नाही. नरसाळ्यात आंब्याचे एक पान पडते. कोळी जाळे विणतो. कुंभारीण माशी मातीचे घर बांधते. पाणी खाली उतरत नाही, पळी कलंडत नाही, स्विच जुळत नाही, आणि यंत्र अगदी वेळच्या वेळी हजेरी देत कळवते की पाऊस शून्य. बॅटरी ठीक, सिम ठीक, टॉवर ठीक. रकाना कोरा असता तर निदान कोणी शंका घेतली असती, शेजारच्या केंद्राचा आकडा घेतला असता. इथे शून्य लिहिलेले आहे, आणि ते शून्य कोणी पाहून लिहिलेले नाही. एप्रिलमधल्या एका अवेळी सरीचे असे शून्य झाले तर त्या मंडळातल्या सगळ्या बागांची भरपाई त्या पानाखाली अडकते.

केंद्र सरकारच्या, विंड्स या नावाने २०२३ मध्ये जाहीर झालेल्या, हवामानजाळे योजनेतून आता तालुक्याला हवामान केंद्र आणि ग्रामपंचायतीला पर्जन्यमापक देण्याचा बेत आहे. गावागणिक मापक आला तर डोंगराच्या पलीकडचे यंत्र ही तक्रार बरीच मिटेल. बागायतदारांनी यानिमित्ताने दोन गोष्टी मागून घ्याव्यात असे मला वाटते. एक, प्रत्येक केंद्राच्या आकड्यांसोबत ते शेवटचे कधी तपासले, साफ केले, त्याची तारीख ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. दोन, महिन्यातून एकदा गावकऱ्यांसमोर मोजून एक लिटर पाणी नरसाळ्यात ओतावे आणि यंत्राने किती मिलिमीटर नोंदले ते सर्वांनी मोबाइलवर बघावे. तो चाचणीचा पाऊस नंतर हिशेबातून वगळता येतो. या कामाला अभियंता लागत नाही. एक शिडी, एक जुना ब्रश आणि एक बाटली लागते, आणि महिन्याला ठरलेले मानधन घेऊन येणारा वाडीतलाच कोणीतरी. या मानधनाची तरतूद कुठल्या लेखाशीर्षाखाली करायची, यावर ग्रामसभेत एक चांगली दीडतासाची चर्चा होऊ शकते.